वैद्यकाचे दुसरे दार

सुश्रुतसंहितेच्या आरंभीच एक प्रसंग येतो. काशिराज दिवोदास धन्वंतरी आश्रमात राहत आहे, आणि औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित, सुश्रुत असे काही शिष्य त्याच्यापुढे येऊन उभे राहतात. नाना प्रकारच्या व्याधींनी गांजलेली माणसे पाहून आपले मन व्यथित होते, असे ते सांगतात. आणि मग आपण आयुर्वेद का शिकू इच्छितो याची कारणे देतात. रोग्यांच्या व्यथा शमाव्यात, प्रजेचे हित व्हावे, आणि आपलीही उपजीविका चालावी. ही तिन्ही कारणे ते एका दमात सांगून टाकतात. पोटापाण्याची गोष्ट सांगताना त्यांची जीभ अडखळत नाही, आणि ती ऐकून धन्वंतरीच्या कपाळाला आठीही पडत नाही. वैद्यकविद्येच्या प्रवेशासाठी केलेला हा अर्ज आपल्या वाङ्मयातील फार जुन्या अर्जांपैकी एक म्हणावा लागेल. तो काशीत झाला ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.

त्यानंतर लगेच, दुसऱ्याच अध्यायात, शिष्य कसा निवडावा याचे नियम आहेत. शिष्याचे वय, शील, शौर्य, शुचिता, बुद्धी, स्मृती हे तर पाहावेच. पण त्याची जीभ, ओठ आणि दातांची टोके पातळ असावीत, मुख, डोळे आणि नाक सरळ असावे, असेही ग्रंथकार सांगतो. प्रवेशाच्या कसोट्या ठरविताना शास्त्राबरोबर थोडी लहर शिरतेच. ती सुश्रुताच्या काळी ओठांच्या रूपाने शिरली होती एवढेच. निवड वर्णावर आधारलेली आहे, ही गोष्ट आजच्या वाचकाला खटकते आणि खटकलीच पाहिजे. मात्र कुलगुणसंपन्न शूद्रालाही मंत्र व उपनयन वगळून शिकवावे असे काहींचे मत आहे, याची नोंद करण्याइतका प्रांजळपणा ग्रंथात आहे. या अध्यायातील खरी लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. अग्नीच्या साक्षीने शिष्याला अनेक बंधने सांगून झाल्यावर गुरू स्वतःलाही एक बंधन घालून घेतो: तू नीट वागत असताना मी तुझ्याशी अन्यथा वागलो, तर मी पापाचा धनी होईन आणि माझी विद्या निष्फळ ठरेल. प्रवेश म्हणजे दोन्ही पक्षांनी दिलेला शब्द, ही कल्पना येथे इतक्या स्वच्छपणे मांडलेली आहे की विसाव्या शतकात त्याच काशीत जे घडले ते तिच्या उजेडात पाहावेसे वाटते.

पंडित मदनमोहन मालवीयांनी काशी हिंदू विश्वविद्यालय १९१६ साली स्थापन केले. प्राच्यविद्या आणि धर्मविज्ञान यांच्या शाखेत १९२२ मध्ये आयुर्वेदाचे अध्यापन सुरू झाले, आणि १९२७ मध्ये आयुर्वेदाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. मालवीयजींच्या मनातील वैद्य हा केवळ संहितेचे पाठांतर केलेला पंडित नव्हता. त्याने चरक-सुश्रुत वाचावे, नाडी पाहावी, वनस्पती ओळखाव्यात. आणि त्याबरोबर शवच्छेदनही करावे, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहावे, शस्त्रक्रियेचे हत्यार हाती धरावे, अशी अपेक्षा होती. म्हणून तेथील पदवीच्या नावातच आयुर्वेदाच्या जोडीला आधुनिक वैद्यक व शल्यकर्म यांचा समावेश झाला, ‘ए. एम्. एस्.’ या तीन अक्षरांनी ती ओळखली जाई. याच मार्गाचे अभ्यासक्रम देशात इतरत्रही निघाले. मद्रासला १९२५ साली देशी वैद्यकाची सरकारी शाळा निघाली होती, तीही याच जातीची. या शिक्षणाला ‘मिश्र’ म्हणत. मित्र तो शब्द अभिमानाने उच्चारीत, आणि शत्रूंना त्याच शब्दात भेसळीचा वास येई.

काशीच्या या महाविद्यालयात मिश्रणाचे काम मनापासून करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. डॉ. भास्कर गोविंद घाणेकर हे एम्. बी. बी. एस्. होते आणि आयुर्वेदाचार्यही होते. सुश्रुताच्या सूत्रस्थानावर आणि शारीरस्थानावर त्यांनी हिंदीतून ‘आयुर्वेदरहस्यदीपिका’ ही टीका लिहिली. शारीरस्थानात प्रेताचे शोधन कसे करावे हे सांगितलेले आहे. मुंज, साली, कुश अशा कशाने तरी वेढलेले प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात निवांत जागी ठेवावे, आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतील प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा. हे वाचून एक वर्ग ‘आमच्याकडे सर्व होते’ म्हणून डोलतो, तर दुसरा वर्ग ही पद्धत ओबडधोबड म्हणून नाक मुरडतो. शवच्छेदनगृहात स्वतः उभा राहिलेला टीकाकार या दोन्ही वर्गांत बसत नाही. त्याला शब्दाचा अर्थ शरीरात शोधावा लागतो. जेथे सापडतो तेथे सांगावे लागते, आणि सापडत नाही तेथेही सांगावे लागते. घाणेकरांची टीका आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली, आणि हा मनुष्य आपला असूनही मराठी वाचकांना तो फारसा ठाऊक नाही. काशीतील मराठी म्हटले की दुर्गाघाट, ब्रह्माघाट, वेदपाठशाळा आणि पेशव्यांचे अन्नसत्र एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचाच हा परिणाम असावा.

अशा महाविद्यालयात अर्ज करणारा तरुण कोणत्या आशेने येत होता? त्याचे एक उदाहरण फार मोठे आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यातील कटील नरसिंह उडुप हा मुलगा १९२० साली जन्मला, काशीला आला, आणि १९४३ मध्ये ए. एम्. एस्. झाला. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्याने शल्यशास्त्राची उच्च पदवी मिळविली, आणि कॅनडाच्या शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाचा तो फेलो झाला. आयुर्वेदाच्या दाराने आत गेलेला मनुष्य आधुनिक शल्यशास्त्राच्या अंतर्गृहापर्यंत पोचू शकतो, हे त्याने दाखवून दिले. पण सगळे उडुप होत नाहीत. सामान्य पदवीधराला वेगळाच अनुभव येई. पाच-सहा वर्षे शरीररचना, रोगनिदान आणि शल्यकर्म शिकून तो बाहेर पडे, आणि सरकारी नोकरीत त्याची जागा एम्. बी. बी. एस्. झालेल्यापेक्षा खालची असे. वेतनही कमी असे. अखिल भारतीय मान्यता देणाऱ्या वैद्यक परिषदेच्या परिशिष्टात अशा मिश्र पदव्यांना स्थान नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो वैद्य होता, आणि परंपरेतील वैद्यांच्या दृष्टीने तो बाटलेला होता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या पदवीधरासाठीच निघाली असावी असे वाटण्याजोगी त्याची स्थिती झाली.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नावर समित्यांमागून समित्या बसल्या. चोप्रा समितीने १९४८ मध्ये दोन्ही वैद्यकांच्या समन्वयाचा पुरस्कार केला. दवे समितीने १९५५ च्या सुमारास मिश्र अभ्यासक्रमालाच आकार देऊ पाहिला. १९५८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. उडुप यांच्याकडे आले, आणि १९५९ मध्ये तिनेही मिश्र शिक्षणाच्या बाजूने कौल दिला. कागदावर अशी मान्यता वाढत होती, पण विद्यार्थ्यांचा धीर सुटत चालला होता. या सुमारास देशातील अनेक मिश्र महाविद्यालयांत संप झाले. विद्यार्थ्यांची मागणी आयुर्वेदाचे शिक्षण सुधारण्याची नव्हती. आम्हांला एम्. बी. बी. एस्. करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांना कृतघ्न म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु गुरूने अग्नीसमोर स्वतःला घालून घेतलेले ते बंधन आठवले, म्हणजे या तरुणांना दोष देण्याची घाई होत नाही. जी विद्या शिकविली तिच्या बळावर उपजीविका करण्याचा हक्क शिकविणाऱ्यांनी मिळवून दिलेला नव्हता. विद्यार्थ्यांनी आपला शब्द पाळला होता; शब्द अपुरा राहिला होता तो समोरचा.

मग १९६० साल उजाडले. मद्रासमधील मिश्र वैद्यकाच्या महाविद्यालयाचे किलपॉक मेडिकल कॉलेज झाले. काशीतही पदवीचा मिश्र अभ्यासक्रम थांबला आणि त्या जागी आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय निघाले. त्याचे नेतृत्व डॉ. उडुप यांच्याकडेच आले. वर्षभरापूर्वी ज्या शिक्षणाची शिफारस त्यांनी देशाला केली होती, आणि ज्या शिक्षणाने ते स्वतः घडले होते, त्याच्या जागी दुसरे काही उभारण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. याला विसंगती म्हणणे सोपे आहे. पण त्यांनी आयुर्वेद घराबाहेर घालविला नाही. १९६३ मध्ये तेथे भारतीय वैद्यकाची पदव्युत्तर संस्था सुरू झाली, आणि १९७१ मध्ये हे सर्व मिळून आजची आयुर्विज्ञान संस्था झाली. विद्यार्थ्याने आधी कोणत्या तरी एका घरात पक्के व्हावे आणि मग दुसऱ्या घराशी सोयरीक करावी, असा या नव्या मांडणीचा अर्थ दिसतो. पहिल्या वर्षापासून दोन्ही घरांत अर्धा अर्धा दिवस काढण्यापेक्षा ती अधिक शहाणपणाची होती की नाही, यावर आजही वैद्यांमध्ये एकमत नाही.

याच दोन-तीन वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला एक विलक्षण समांतर घटना घडली, आणि तिच्या प्रकाशात काशीची गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेत ‘ऑस्टिओपॅथी’ नावाचे एक वैद्यक आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या सरहद्दीवरच्या डॉक्टरची तीन मुले १८६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावली, आणि त्या काळची औषधे किती दुबळी आहेत हे त्याला घरातच दिसले. शरीराची हाडे, सांधे, स्नायू यांची रचना बिघडली की त्याचे कार्य बिघडते, आणि हाताच्या उपचाराने ती रचना सावरली की शरीर स्वतःच बरे होऊ लागते, असा सिद्धान्त त्याने १८७४ मध्ये जाहीर केला. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहानशा गावी त्याने शाळा काढली आणि पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही घेतले. १९१० साली फ्लेक्सनरने अमेरिकेतील वैद्यकीय शाळांची जी झाडाझडती घेतली तीत ऑस्टिओपॅथीच्या आठही शाळा नापास झाल्या. मग त्या शाळांनी प्रयोगशाळा उभारल्या, रुग्णालये जोडली, औषधे व शस्त्रक्रिया शिकविण्यास आरंभ केला. हातांचे उपचार मात्र सोडले नाहीत. थोडक्यात, ते वैद्यकही मिश्र झाले.

आणि मग कॅलिफोर्नियात १९६१-६२ मध्ये विलीनीकरणाचा करार झाला. लॉस एंजल्सच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाने नाव बदलले आणि ते एम्. डी. पदवीचे महाविद्यालय झाले. १९६२ च्या जुलैत सुमारे २,००० ऑस्टिओपॅथांनी पासष्ट डॉलर भरून एम्. डी. ही अक्षरे आपल्या नावापुढे लावून घेतली. एका रात्रीत त्यांच्या ज्ञानात कणाचीही भर पडली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी मतदारांच्या कौलाने त्या राज्यात नव्या ऑस्टिओपॅथांना परवाना देणे बंद झाले. मद्रास, काशी आणि लॉस एंजल्स या तीन ठिकाणी दोन-तीन वर्षांच्या अंतराने दुसऱ्या दाराला कुलूप पडले, असे त्या वेळी पाहणाऱ्याला वाटले असते.

पण पुढचे वळण वेगळे लागले. इतर राज्यांतील ऑस्टिओपॅथांनी विलीन होण्यास नकार दिला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये परवान्यांचा मार्ग पुन्हा मोकळा केला, आणि १९७७ मध्ये पोमोना येथे नवे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय निघाले. आज अमेरिकेत अशी चाळीसांहून अधिक महाविद्यालये आहेत, आणि वैद्यकाच्या दर चार विद्यार्थ्यांत एकाहून अधिक विद्यार्थी तेथे शिकतो. त्याला कायद्याने एम्. डी. च्या बरोबरीचे सर्व अधिकार मिळतात. रुग्णालयातील पुढील प्रशिक्षणाची व्यवस्थाही २०२० पासून एकच झाली आहे. तेथे अर्ज करणारा तरुण आधी पदवीधर असतो, वैद्यकाची प्रवेशपरीक्षा देतो, शिफारसपत्रे जोडतो, मुलाखतीला जातो. शिवाय त्याला एक निबंध लिहावा लागतो, आणि मुलाखतीत एक प्रश्न बहुधा चुकत नाही: हेच वैद्यक का? पुष्कळांचे खरे उत्तर ‘दुसरीकडे जागा मिळण्याची खात्री नव्हती’ हे असते, आणि ते कोणीच देत नाही. दिवोदासापुढे उभ्या राहिलेल्या त्या शिष्यांनी उपजीविकेचा उल्लेख किती सहज केला होता, ते येथे आठवावे.

भारताने मात्र उलट दिशा धरली. १९६३ च्या व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाचा आग्रह धरला. १९७० च्या कायद्याने भारतीय वैद्यकाची स्वतंत्र केंद्रीय परिषद निर्माण झाली. २०२० च्या कायद्याने तिची जागा राष्ट्रीय आयोगाने घेतली. शुद्धतेचे व्रत घेऊनही अभ्यासक्रमात आधुनिक विषय हळूहळू परत आलेच. ते येणे अपरिहार्य होते. कारण रोगी वैद्याकडे येताना रक्ततपासणीचा कागद हातात घेऊनच येतो. २०२० च्या नोव्हेंबरात आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्यचिकित्सकांना कोणकोणत्या शस्त्रक्रिया करता येतील याची अठ्ठावन्न कर्मांची यादी जाहीर झाली, आणि ११ डिसेंबरला देशभरच्या आधुनिक डॉक्टरांनी निषेधार्थ काम बंद ठेवले. १९२७ मध्ये काशीने ज्या प्रश्नाला हात घातला होता तो त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा रस्त्यावर आला.

या वादात काशीचेच एक काम दोन्ही पक्षांनी पाहण्यासारखे आहे. सुश्रुताने नाडीव्रण आणि भगंदर यांवर क्षार लावलेल्या दोऱ्याचा उपाय सांगितला आहे. पदव्युत्तर संस्थेच्या शल्यविभागात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोरा ग्रंथातून बाहेर काढला. साध्या बळकट दोऱ्यावर निवडुंगाच्या जातीतील स्नुहीच्या चिकाचे अकरा थर, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात, आणि शेवटी चीक आणि हळद यांचे तीन, असे एकवीस थर द्यावयाचे. प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. हा दोरा भगंदराच्या मार्गात ओवून ठेवतात आणि दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू मार्ग कापीत जातो आणि मागून जखम भरत येते. देशपांडे आणि शर्मा यांनी २०० रोग्यांचा वृत्तान्त १९७३ मध्ये अमेरिकेतील नियतकालिकात छापला. नंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत दोऱ्याची आणि शस्त्रक्रियेची तुलना केली. तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. जखम भरण्यास दोऱ्याने आठ आठवडे लागत, शस्त्रक्रियेने चार. पण रोग उलटण्याचे प्रमाण दोऱ्याने शेकडा चार, तर शस्त्रक्रियेने शेकडा अकरा आढळले. दोन्ही आकडे तितक्याच ठळकपणे छापले गेले, ही त्यातील मोलाची गोष्ट. येथे शुद्ध काय आणि मिश्र काय हा प्रश्न कोणी विचारला नाही. कल्पना सुश्रुताची, मोजण्याची रीत आधुनिक, आणि हात काशीत शिकलेल्यांचे. उडुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडलेल्या हाडावर अस्थिशृंखलेचा, म्हणजे आपल्याकडच्या कांडवेलीचा, परिणाम साठोत्तर वर्षांत प्राण्यांवर पडताळला, त्यामागेही हीच दृष्टी होती.

आता काशीला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आश्रमात उभे राहावे लागत नाही. बारावीनंतर देशभर एकच प्रवेशपरीक्षा होते, तिचे गुण ७२०. त्याच गुणांवर एम्. बी. बी. एस्. ची यादी लागते आणि त्याच गुणांवर आयुर्वेदाच्या पदवीचीही. दोन्ही शिक्षणे साडेपाच वर्षांची, त्यातील शेवटचे वर्ष रुग्णालयातील उमेदवारीचे. ओठ पातळ आहेत का हे कोणी पाहत नाही, ते बरेच झाले. पण तू का येतोस हेही कोणी विचारीत नाही. साताऱ्याच्या किंवा अकोल्याच्या घरात पहिली यादी हुकली म्हणजे ‘निदान आयुर्वेद तरी मिळेल’ असे वडील म्हणतात, आणि मुलगी मान हलवते. त्या ‘निदान’ शब्दाचे ओझे ती साडेपाच वर्षे वाहते. कोणी वाटेत ते टाकून देते, आणि एखाद्या सकाळी बाह्यरुग्ण विभागात दोरा बदलताना तिला आपल्या हातांचा भरवसा येतो. कोणी ते आयुष्यभर घेऊन फिरते.

लंकेवरच्या सिंहद्वारासमोर मालवीयजींचा पुतळा आहे. त्या द्वारातून आत गेले की थोड्याच अंतरावर सर सुंदरलाल रुग्णालय लागते. दोन्ही याद्यांतील मुले त्याच एका द्वारातून आत जातात. रुग्णालयापाशी पूर्वांचलातून आणि बिहारमधून रात्रीच येऊन बसलेली माणसे असतात. कोणाच्या हाती जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी असते, कोणी म्हातारीला पाठीवर घेऊन आलेला असतो. आणि पांढरा कोट दिसला की त्यातील कोणीतरी उठून विचारतो, डॉक्टरसाहेब, नाव कोठे लिहावयाचे?